हलालची हमी कोणी द्यायची?

भिवंडीतल्या कबाबच्या गाडीवाल्याने हलालचे प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. 1954चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा असो की त्याच्या जागी आलेला 2006चा अन्न सुरक्षा व मानके कायदा, दोन्हींचा रोख भेसळ, स्वच्छता आणि खोटी लेबले यांवर आहे. 2011च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल करणाऱ्या विक्रेत्याकडून मागितली ती साधी नोंदणी, वर्षाला 100 रुपये भरून. तरीही हलाल प्रमाणपत्राची सक्ती असावी की त्यावर बंदी, यावर वाद झडतात. आपल्याकडचा इतिहास पाहिला तर दोन्ही मागण्या छोट्या विक्रेत्याच्या बाबतीत गैरलागू ठरतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बारा बलुत्यांच्या तीन ओळी दिल्या आहेत. धाकट्या ओळीत भट, गुरव आणि कोळी यांच्यासोबत मुलाणा येतो. गावचे बकरे, पुष्कळदा जत्रेतलेही, तो कापी आणि बदल्यात सुगीला बलुते घेई. खाणारे बहुतेक हिंदू असत. कागद कोणी मागत नसे, कारण कापणारा गावच्या ओळखीचा आणि गावालाच बांधील होता. ही व्यवस्था आदर्श मुळीच नव्हती. तिचा पाया जातीने ठरवून दिलेल्या कामावर होता. पण हलालची हमी येथे सरकारी शिक्क्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालली, एवढे तिच्यावरून नक्की दिसते.

भिवंडीत ही हमी बलुत्याविना उभी राहिली. जुनी वस्ती कोकणी मुसलमानांची. 1857नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि परप्रांतीय कारागिरांची रीघ लागली. एकटे राहणारे हे कारागीर भिस्सीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, हिशेब ठेवून जेवतात. अशा ठिकाणी विश्वास गमावणे परवडत नाही. मटण कुठून येते याबद्दल एकदा संशय आला की गिऱ्हाईक शेजारच्या भिस्सीत जाते. प्रमाणपत्राची गरज वेगळ्याच वाटेने आली. आखाती देशांत किंवा मलेशियात बसलेला ग्राहक भारतातला कत्तलखाना पाहू शकत नाही, म्हणून निर्यातदाराला कागद लागतो. जमियत उलमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट 2009चा. 2023मध्ये केंद्र सरकारने मांसाच्या निर्यातीसाठी हलाल प्रमाणनाचे नियम घातले, तेही निर्यातीपुरतेच. खाणारा आणि कापणारा यांच्यातले अंतर वाढले की कागद येतो, असा हा क्रम आहे.

यावर आक्षेप असा की भिवंडी आता खेडे राहिलेले नाही. गोदामांच्या या शहरात गोठवलेला माल दुरून येतो, गाडीवाल्यालाही तो कुठला हे ठाऊक नसते. आक्षेप खरा आहे. मात्र विश्वासाची साखळी तुटते ती पुरवठ्याच्या टोकाला. म्हणून दाखला लागलाच तर तो कत्तलखान्याने आणि प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने द्यावा. गाडीवाल्याने खरेदीची पावती जपून ठेवली तरी पुरे. सक्ती किती जड जाते हे इंडोनेशियाने पाहिले आहे. 2014च्या कायद्याने तिथे हलाल प्रमाणन बंधनकारक केले, पण छोट्या विक्रेत्यांसाठीची मुदत ढकलत ढकलत ऑक्टोबर 2026वर न्यावी लागली.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: खासगी संस्थांची प्रमाणपत्रे म्हणजे समांतर व्यवस्था, तेव्हा ती बंद करा. उत्तर प्रदेशाने नोव्हेंबर 2023मध्ये निर्यात वगळून अशी बंदी घातली. महाराष्ट्रात मार्च 2025मध्ये झटका मांसाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र पुढे आले. एका श्रद्धेच्या शिक्क्याला दुसऱ्या श्रद्धेचा शिक्का उत्तर म्हणून उभा करता येत असेल, तर शिक्का मारणे हे मुळात समाजाचे आणि बाजाराचे काम आहे, हेच त्यातून सिद्ध होते. खोटा दावा करणाऱ्याला शिक्षा करायला 2006चा कायदा पुरेसा आहे. पालिकेने आणि अन्न व औषध प्रशासनाने पाणी, स्वच्छता आणि परवानाधारक कत्तलखाना यांची जबाबदारी चोख पार पाडावी. ती नीट पार पडली तर हलाल-झटक्याचा निवाडा गिऱ्हाईक आणि विक्रेता आपसांत करू शकतात. ती पडली नाही तर कोणतेही प्रमाणपत्र कोणाचे पोट सांभाळणार नाही.