डिग्री नसलेला माणूस हार्वर्डला जातो

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथेच मी धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घेतलं. १९४०-४१ साली हे पुस्तक पहिल्यांदा छापलं ते आपल्या नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने. लेखक कोण म्हणून शोधायला गेलो आणि त्यांच्या परदेशवाऱ्यांपाशीच अडकलो.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम झालेली. बुद्धाविषयी वाचून ओढ लागली आणि १८९९ मध्ये त्यांनी बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत ते श्रीलंकेला पोचले. १९०२ मध्ये तिथे दीक्षा घेऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. रेझ्युमेत ‘शिक्षण’ या रकान्यात लिहायला मात्र काही नव्हतं.

तरी १९१० साली हार्वर्डच्या प्रा. जेम्स वुड्स यांनी त्यांना बोलावलं. काम होतं बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने ते हाती घेतलं होतं, पण १८९९ मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला लेगसी कोड म्हणतो, तसला मामला. ज्याने सुरू केलं तो नाही आणि निस्तरायचं दुसऱ्याने.

पण शीर्षकपानावर श्रेय कोणाला किती, यावरून ग्रंथमालेचे संपादक प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. १९१२ च्या सुरुवातीला कोसंबी परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. येताना त्यांनी अमेरिकेतून आणखी एक गोष्ट आणली होती, समाजवादाच्या वाचनाची गोडी.

इथे गोष्ट संपली असती तर समजण्यासारखं होतं. ज्या प्रोजेक्टवर आपलं नाव धड लागत नाही, तिथे कोण परत जातं? कोसंबी गेले. १९१८ मध्ये मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना घेऊन गेले. त्यानंतरही दोनदा गेले. तोच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून ओळखला गेला.

मधल्या काळात, १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही झाला.

१९४० मध्ये त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती मुंबईहून स्वतः काढली. हार्वर्डची प्रत निघाली १९५० मध्ये. तिच्यावर संपादक म्हणून वॉरनचं नाव आहे आणि संस्करण कोसंबींचं, अशी नोंद. ती पाहायला ते नव्हते. ४ जून १९४७ रोजी, अन्न सोडून, त्यांनी सेवाग्रामला देह ठेवला होता.

सेवाग्राम नागपूरहून दीड-दोन तासांवर. मी तिथे शाळेच्या सहलीत जाऊन आलो होतो. बापूकुटी पाहिली, फोटो काढले. कोसंबींचं नाव तेव्हा माझ्या कानावरही आलं नव्हतं.