गाठीचं कूळ

फाल्गुन सरत आला की मुरुमच्या बाजारात किराणा दुकानांच्या दारावर साखरेच्या माळा लोंबायला लागतात. पांढऱ्या सर्वांत जास्त, मधूनमधून गुलाबी आणि पिवळ्या. कुणी गाठी म्हणतं, कुणी हार. बांगडीच्या घाटाची असेल तर कडं. होळीला ही माळ लेकरांच्या गळ्यात पडते आणि पाडव्याला गुढीच्या. वेळूची काठी, नवं लुगडं किंवा खण, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, वर उपडा तांब्या आणि पुढं गाठीचा हार, एवढं जमलं की गुढी उभी राहते. आत पुरण वाटलं जात असतं, आमटीला उकळी येत असते, कुरडया-पापड तळून परातीत पडत असतात. इथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर असल्यानं कडुलिंबाचा फुलोरा घातलेलं गुळवणीही घरोघरी होतं. दिवस कलला की गुढी उतरते आणि हाराची वाटणी सुरू होते. मधलं मोठं पदक कुणाला मिळणार यावरून भावंडांत रुसवेफुगवे ठरलेले.

पाडव्याच्या सामानात गाठीला कुणी फारसं मोजत नाही. तांब्या पिढीजात असतो, लुगडं महागाचं असतं, कडुलिंबाचे गुण तर सगळ्यांना तोंडपाठ. गाठी दहा-वीस रुपयांची, दुसऱ्या दिवशी संपणारी. पण कूळ काढायला बसलं तर गुढीवरच्या साऱ्या वस्तूंत सर्वांत लांबवर पांगलेली भावकी हिचीच आहे. कैरोच्या जत्रेत, मेक्सिकोच्या स्मशानात आणि पोलंडमधल्या ईस्टरच्या टोपलीत हिचे सगेसोयरे बसलेले आहेत.

भावकी ओळखायची तर आधी गाठी होते कशी ते पाहायला हवं. मोठ्या कढईत साखर आणि पाणी चढवतात. उकळी फुटली की दुधाचा शिपका मारतात. मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. पाक आटत जातो, तारा धरतो, शेवटी पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळू लागते. उष्णतामापक लावला तर त्या वेळी तो 115 ते 120 अंशांच्या आसपास असतो, पण कारागीर बोटाच्या चिमटीवर आणि बुडबुड्यांच्या आकारावर चालतो. खरं कसब याच्यापुढं आहे. कढई उतरवून पाक कडेला पळीनं घोटायचा. घोटता घोटता पारदर्शक पाक एकाएकी दुधाळ दिसू लागतो. साखरेचे अतिबारीक स्फटिक धरू लागलेले असतात आणि त्यांच्यावरून उजेड विखुरतो, म्हणून हा पांढरेपणा. या घडीला साच्यात ओतलं तर गाठी भरीव, शुभ्र आणि खुसखुशीत होते. घाई केली तर ती काचेसारखी चिकट राहते; अंमळ उशीर झाला तर पाक कढईतच साखरतो आणि सगळा घाणा पुन्हा पाणी घालून उकळावा लागतो.

साचा सागवानाचा. फळीत पानं, फुलं, चकत्या आणि मधोमध पदक कोरलेलं असतं. फळ्या आधी पाण्यात भिजवून ठेवतात, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. खाचांतून दोरा ओवून पाक ओतायचा, काही मिनिटांत साचा उघडायचा आणि अख्खी माळ एका झटक्यात उचलायची. दोरा आतच गोठलेला असतो. फुलं ओवून हार करायला अर्धा दिवस जावा, इथं ओवणं आणि घडवणं एकाच वेळी उरकतं. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं.

आता कुळाच्या मुळाकडं. ऊस मूळचा न्यू गिनीच्या बाजूचा, पण त्याच्या रसापासून टिकाऊ, कोरडी, दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्याकडं वाढली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या प्रकरणात उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे: फाणित, गुळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. चरक-सुश्रुतांच्या संहितांतही हीच उतरंड भेटते. रस जितका निवळत जाईल तितका पदार्थ वरच्या पायरीचा. पहिली पायरी, फाणित, आपण आजही चाखतो. गुऱ्हाळावर कढईतला रस दाट होतो पण गुळ बांधत नाही, तेव्हा पळीभर काढून भाकरीवर घेतात ती काकवी म्हणजे हे फाणितच. मुरुमला विठ्ठलसाई साखर कारखाना आहे. त्याच्या धुराड्याखाली रसापासून दाण्यापर्यंतचा हा सगळा प्रवास काही तासांत उरकतो. पूर्वी त्याला आठवडे लागत. खांडसरीच्या जुन्या पद्धतीत रवाळ राबेच्या ढिगावर तळ्यातलं शेवाळ-पाणवनस्पती अंथरत. तिचा ओलावा हळूहळू झिरपे, मळी खाली निथळे आणि वरचा थर पांढरा होई. तो खरवडायचा, पुन्हा शेवाळ घालायचं. एवढ्या कष्टानं हाती येणारी पांढरी साखर वैद्याच्या बटव्यात, देवाच्या नैवेद्यात आणि राजाच्या पंगतीतच दिसायची. तिचा हार करून देवाला किंवा बाळाला घालणं म्हणजे घरातलं सर्वांत शुभ्र आणि सर्वांत महाग गोड अंगावर मिरवणं होतं.

ही विद्या इथून दोन्ही दिशांना गेली. इ.स. 647 मध्ये चीनच्या ताइझोंग सम्राटानं साखर करण्याची रीत शिकून यायला आपली माणसं मगधात पाठवली होती. पश्चिमेकडं ती इराणात पोचली. तिथं आणि पुढं अरबांकडं ‘फाणित’ हे नावही पदार्थाबरोबर गेलं आणि ‘फानीद’ झालं. पदार्थ मात्र बदलला. त्यांनी पाक आटवून, खुंटीला अडकवून, ओढून ओढून पांढरा केला. आपल्याकडं रेवडी करणारा गुळाच्या पाकाची लड खुंटीला मारून ताणतो, तीच क्रिया. ओढताना हवा शिरते आणि तपकिरी लड रुपेरी होते. युरोपच्या औषधी दुकानांत हे फानीद खोकल्यावर विकलं जाई.

साखरेच्या मूर्ती घडवण्यात इजिप्तनं सगळ्यांवर कडी केली. इराणी प्रवासी नासिर खुसरो अकराव्या शतकाच्या मध्यात कैरोत होता. ईदच्या शाही मेजवानीसाठी केलेलं साखरेचं झाड त्यानं वर्णिलं आहे: फांद्या, पानं, फळं, सगळं साखरेचं. पैगंबर जयंतीला तिथं साखरेची बाहुली आणि साखरेचा घोडेस्वार करण्याची चाल आजही आहे. मुलींना बाहुली, मुलांना घोडेस्वार. दोन्ही लाकडी साच्यातच ओततात. त्या बाहुलीचा साचा आणि आपल्याकडचा हाराचा साचा शेजारी ठेवले तर एकाच गावच्या सुताराचे वाटावेत.

अरबांबरोबर ऊस स्पेनमध्ये उतरला आणि फानीदचं पोर्तुगीजांनी ‘अल्फेनीं’ केलं, स्पॅनिशांनी ‘अल्फेन्यीके’. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी तेर्सेइरावर ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास अल्फेनींची पांढरी कबुतरं, फुलं, कधी दुखरा हात किंवा पाय करून नवस फेडतात. मेक्सिकोत त्याच कुळातून साखरेच्या कवट्या निघाल्या. मातीच्या साच्यात घडवून, रंगीत नक्षी काढून त्या मृतांच्या दिवशी पूर्वजांपुढं मांडतात. तोलुका शहरात या सणाआधी अल्फेन्यीकेची मोठी जत्रा भरते. आपल्या फाणिताचं नाव त्या जत्रेच्या फलकावर आहे, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल, आणि इथल्या किती जणांना?

कुळाची ही शाखा सांगताना आवाज खाली आणावा लागतो. कोलंबसानं 1493 च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढची जवळजवळ चार शतकं आफ्रिकेतून धरून आणलेल्या लाखो गुलामांच्या रक्तावर तो पिकला. युरोपच्या सणांची साखर स्वस्त झाली ती या किमतीत. आणि दूर कशाला जायचं? बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीनंतर घरदार सोडून निघतात आणि गळीत हंगाम संपवून परततात तेव्हा पाडवा येऊन ठेपलेला असतो, कधी उलटूनही गेलेला असतो. त्यांच्या लेकरांच्या गळ्यात होळीचा हार पडतो तो पाचटाच्या खोपीत. गाठीची कुळकथा सांगताना ही माणसं गाळली तर ती खोटी होईल.

आता ईस्टर. हा सण आणि आपला पाडवा यांचं नातं पंचांगातच आहे. ईस्टर ठरतो पौर्णिमेवरून: वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळं तो कधी होळीच्या मागोमाग येतो, कधी हनुमान जयंतीच्या. 2023 मध्ये पाडवा 22 मार्चला होता, हनुमान जयंती 6 एप्रिलला आणि ईस्टर 9 एप्रिलला. त्याच पौर्णिमेला ज्यूंचा वल्हांडणही सुरू झाला होता. म्हणजे आपल्याकडं होळी-पाडव्याच्या गाठी उतरतात त्याच दिवसांत तिकडं ईस्टरच्या साच्यांत साखर पडत असते.

पोलंडमध्ये ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरची टोपली सजवून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. टोपलीत पांढरा विणलेला रुमाल, पाव, मीठ, मांसाचा तुकडा आणि मेणानं नक्षी काढून रंगवलेली अंडी. जुन्या काळी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत. साठलेली अंडी उकडून, रंगवून सणाला खुली करायची, अशी ती रीत रुजली. टोपलीच्या मधोमध एक पांढरं कोकरू असतं, अंगावर विजयाचं छोटं निशाण घेतलेलं. ते कधी लोण्याचं, कधी पिठाचं आणि पुष्कळदा साखरेचं, साच्यात ओतून काढलेलं. शेजारी झणझणीत मूळ किसून ठेवतात. ख्रिस्ताच्या यातनांची ती आठवण. वल्हांडणाच्या ताटातही कडू पाला लागतोच. कडुलिंबाच्या फुलोऱ्याशेजारी गाठी ठेवणाऱ्या घराला हे ताट परकं वाटणार नाही.

त्या कोकराची साखर मात्र उसाची नाही. मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1747 मध्ये बिटातली आणि उसातली साखर एकच असल्याचं दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड यानं सायलेशियात, आज पोलंडमध्ये असलेल्या कोनारी गावी, 1802 मध्ये बिटाच्या साखरेचा जगातला पहिला कारखाना चालू केला. त्यानंतर थंड मुलखातल्या शेतकऱ्यालाही स्वतःच्या रानातली साखर मिळाली. मुरुमचा शेतकरी आपल्याच शिवारातल्या उसाची गाठी गुढीला बांधू शकतो, तसाच तोही आपल्या बिटाचं कोकरू टोपलीत ठेवू शकतो. सिसिलीत हेच कोकरू बदाम-साखरेच्या गोळ्याचं करतात, साच्यात दाबून. पोर्तुगीजांच्या वाटेनं बदाम-साखरेची ती परंपरा आपल्या किनाऱ्यावरही आली. गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरला मार्झिपॅनची अंडी होतात. बदाम महाग, म्हणून इथं काजू वाटतात, आणि तो काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. अंड्याचे दोन अर्धे साच्यात दाबून काढायचे, जोडायचे, वर साखरेच्या आयसिंगची फुलं काढायची. त्या दिवशी वसईच्या वाड्यांवर फुगे तळले जातात, इंद्यालचा वास सुटतो आणि हातानं सजवलेली अंडी आधी शेजाऱ्यांकडं जातात.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. अनेक ठिकाणी गाठी बाजारापर्यंत पोचल्याच नाहीत. 12 एप्रिलचा ईस्टरही सगळ्यांनी दारं लावूनच केला. त्या वर्षी कितीतरी घरांत गाठी पहिल्यांदा चुलीवर झाली. तेव्हापासून ती रीत धरलेली घरं आहेत, याचा मला आनंद आहे. सागवानी साचा नसला तरी अडत नाही. छोट्या वाट्या किंवा आप्पेपात्र तुपाचं बोट फिरवून तयार ठेवावं आणि प्रत्येक खळग्यातून एकच लांब दोरा जाऊ द्यावा. दोन वाट्या साखरेला अर्धी वाटी पाणी, चमचाभर दूध. मळी काढून गोळीबंद पाक करावा, गॅस बंद करून घोटावा आणि दुधाळ झाला की लगेच ओतावा. लिंबू पिळायचा मोह टाळावा. आंबटानं साखर फुटते आणि पाक साखरतच नाही. पाक फार भाजतो, तेव्हा ओतण्याचं काम मोठ्यांनीच करावं. दहा मिनिटांनी मुलांना बोलवावं आणि माळ त्यांच्या हातानं उचलू द्यावी.