‘शिकमी’ म्हणजे कोण?

आदिलाबाद परिसरातील जुन्या मराठी घराण्यांच्या दप्तरांत साधारणपणे तीन तऱ्हेचे कागद आढळतात: मोडीतील खते, निजामी अमलातील उर्दू नकला आणि अलीकडची तेलुगू पासपुस्तके. मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. उर्दूतून शिकलेली पिढीही मावळत आली. अक्षर लागत नाही ही अडचण मोठी खरी. परंतु अक्षर लागूनही अर्थ चुकणे ही त्याहून मोठी, कारण तिचा संशयच येत नाही. शहराला लागून असलेल्या आणि २०१६ पासून स्वतंत्र मंडळ झालेल्या मावल्यासारख्या गावी तर या कागदांना आता निराळेच मोल आले आहे. म्हणून त्यांतील काही शब्दांची फोड येथे करीत आहोत.

पहिला शब्द ‘पट्टा’. ‘जमीन पट्ट्याने दिली’ म्हटले की आपण ती काही मुदतीसाठी दिली असे समजतो. हैदराबाद संस्थानात पट्टेदार म्हणजे सरकारसारा भरण्यास थेट जबाबदार असलेला आणि दप्तरी तसे नाव लागलेला इसम. १३१७ फसलीच्या भूमी महसूल कायद्याने त्याची व्याख्या अशीच केली (फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हा कायदा १९०७ च्या सुमाराचा) आणि पुढे पुस्ती जोडली की जमीन त्याच्या स्वतःच्या कब्जात असो वा शिकमीदारामार्फत असो. ही पुस्ती महत्त्वाची आहे. एकत्र कुटुंबात सारा भरणारे नाव बहुधा कर्त्याचे लागे. तेवढ्यावरून बाकीच्या भावांचा हक्क संपत नसे.

मग शिकमीदार कोण? फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. त्याच कायद्यात शिकमीदाराला ‘पोटपट्टेदार’ असा जोडशब्दही आहे. घोटाळा होतो तो या ‘पोट’ शब्दाने. मराठीत तो दोन दिशांना जातो. पोटहिस्सा म्हणजे त्याच मालकीचा एक भाग. पोटकूळ म्हणजे मात्र कुळाच्या हाताखालचे कूळ. आज वाचणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरा अर्थ उभा राहतो. कायद्याला अभिप्रेत होता पहिला: पट्टेदाराप्रमाणेच जमिनीत हक्क असलेला, किंवा मुळापासून त्याच्यासह कब्जात असलेला भागीदार. खंडाने जमीन कसणाऱ्यासाठी कायद्याने निराळा शब्द ठेवला होता: ‘आसामी शिकमी’. एक शब्द आधी लागला की भागीदाराचे कूळ होते, आणि तोच गळला की कुळाचा भागीदार! ‘तुमचे आजोबा आमचे शिकमी, म्हणजे कूळच’, असे धाकट्या पातीच्या वंशजांना ऐकवले गेल्याचे आमच्या कानी आले आहे. सांगणारा खोटे बोलत असेलच असे नाही. त्याला शब्दाचा अर्थ तेवढाच ठाऊक असतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले, आणि एकाच दप्तराचे कागद दोन राज्यांच्या कचेऱ्यांत विभागले गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंना आप्त असलेल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. तिकडच्या वकिलाचा ‘पोट’ आणि इकडच्या कागदातला ‘पोट’ एकच असेल असे नाही.

‘कब्जा’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ मुठीत धरणे. आपली ‘वहिवाट’ त्याच्याजवळची, पण तीत वर्षानुवर्षांचा वापर सूचित होतो, निव्वळ मूठ नव्हे. जुन्या पाहणीपत्रकात पट्टेदार व कब्जेदार असे निरनिराळे रकाने असत. २०२० च्या कायद्यानंतर आलेल्या ‘धरणी’ नोंदींतून कब्जाचा रकाना गेला. पुढे २०२५ मध्ये ‘भू भारती’ कायद्याने त्या व्यवस्थेची जागा घेतली.

फारसी-अरबी शब्द आपल्या दप्तरांत आले याची खंत पुष्कळ जण करतात. शिवकाळात रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून त्यांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘पेशवा’ हा शब्द काही गेला नाही. परंतु उलट दिशेचा प्रवास कोणी सांगत नाही. तेलंगणाच्या महसूल कचेरीत तेलुगू कारकून आजही ‘पहाणी’, ‘सेतवार’, ‘टिप्पन’ म्हणतो. हे आपलेच पाहणी, शेतवार आणि टिपण. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर संस्थानात जमीनमोजणी झाली, तिच्याबरोबर हे शब्द उर्दू दप्तरांत शिरले आणि तेथून तेलुगूत गेले.

ज्यांना आपल्या घराचा कागद तपासायचा आहे त्यांनी १९५४-५५ ची खासरा पाहणी आधी पाहावी. हक्काच्या वादांत अजूनही तिचा आधार घेतला जातो. नक्कल उर्दूत असेल तर भाषांतर करणाऱ्याला ‘शिकमी’ला मराठी वा तेलुगू प्रतिशब्द देऊ नये असे आवर्जून सांगावे, शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यावा, आणि त्याच्या आधी ‘आसामी’ आहे की नाही हे मूळ कागदावर बोट ठेवून विचारावे.