सेहऱ्याचा कागद: एका पानावरची शायरी ओळखावी कशी, जपावी कशी?

निकाहनंतर मैफलीत सेहरा वाचला जायचा आणि त्याचे छापील कागद पाहुण्यांना वाटले जायचे. गुलाबी, पिवळा नाहीतर हिरवा कागद, एका बाजूला छपाई. पवनार, वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्या घरांत असा एखादा कागद अजून असेल. पेटीच्या तळाशी, निकाहनाम्याच्या घडीत किंवा भिंतीवरच्या फ्रेममध्ये. पण मुलं मराठी शाळेत शिकलेली, उर्दू लिपी येत नाही. मग तो कागद कशाचा, हेच घरात कुणाला सांगता येत नाही. म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

सेहरा म्हणजे काय?

सेहरा म्हणजे दूल्ह्याच्या चेहऱ्यावरची फुलांची झालर, आणि त्या निमित्ताने लिहिलेली कविताही. रचना गझलेसारखी. बहुतेक वेळा 'सेहरा' हाच शब्द रदीफ म्हणून येतो. शेरांमध्ये दूल्हा, त्याचे वालिद, मामू, भाऊ यांची नावे गुंफलेली असतात. शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायरचा तखल्लुस असतो.

सर्वांत गाजलेले सेहरे १८५२ मधले. बहादूरशाह जफर यांचा मुलगा जवाँबख्त याच्या लग्नात गालिब यांनी एक लिहिला आणि उस्ताद जौक यांनी जबाब म्हणून दुसरा. ते टिकले, कारण ते पुस्तकांत गेले. तालुक्याच्या शायरचा दीवान सहसा छापला जात नाही. त्याची शायरी अशा सुट्या पानांवरच विखुरलेली असते.

सेहऱ्यासोबत आणखीही पाने मिळतात: दुल्हनसाठी रुखसती, निवृत्त शिक्षकाला दिलेला सिपासनामा, नात, मोहरमचा नोहा. शेजारच्या हिंदू घरांत नवरा-नवरीची नावे गुंफलेली छापील मंगलाष्टके असतात, तीही याच जातीची.

पानावर काय बघायचे?

- सर्वांत वर ७८६ किंवा बिस्मिल्लाह.
- 'बमौका-ए-शादी'च्या पुढे दूल्ह्याचे नाव.
- 'नतीजा-ए-फिक्र'च्या पुढे शायरचे नाव.
- 'मिनजानिब'च्या पुढे ज्यांनी कागद छापून आणला त्यांची नावे. बहुधा दोस्त किंवा भाऊ.
- तळाशी प्रेसचे नाव आणि गाव, कोपऱ्यात कधी कातिबचे नाव.

तारीख अनेकदा हिजरीत असते. १४०० हिजरी नोव्हेंबर १९७९ मध्ये सुरू झाले, हे लक्षात ठेवले की अंदाज येतो. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही. तक्ता बघावा लागतो. काही शायर साल शब्दांत लपवतात. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ अशा अबजदच्या हिशेबाने अक्षरांची बेरीज केली की साल मिळते. बिस्मिल्लाहचे ७८६ याच हिशेबाने होतात.

साल नसेल तर अक्षर बघा. कातिबने हाताने लिहिलेली नस्तालीक आधी दगडावरून, म्हणजे शिळाछापाने, आणि पुढे ऑफसेटने छापली जायची. १९९४ मध्ये इनपेज आले. त्यानंतर हळूहळू कॉम्प्युटरची अक्षरे दिसू लागली.

ही पाने हरवतात का?

काही रद्दीत जातात. पण बरीच पाने अदबीपोटी जातात. वर अल्लाहचे नाव असलेला कागद पायदळी येऊ नये, म्हणून घरातली मंडळी जुनी पाने नदीत किंवा विहिरीत 'थंड' करतात. भावना योग्यच आहे. पण बिस्मिल्लाहसोबत आजोबांचे नाव, लग्नाचे साल आणि एका शायरची शायरीही पाण्यात जाते.

दुसरे कुणी ती जपून ठेवेल, असेही नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावी लागते, पण लग्नात वाटलेला कागद कोण पाठवणार? २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले ते हस्तलिखितांसाठी, आणि तीही किमान ७५ वर्षे जुनी हवीत. छापील पान त्यात बसत नाही. पवनारच्या मातीने वाकाटकांच्या काळाचे अवशेष सांभाळले, १९६७ च्या उत्खननात ते निघाले. कागद मात्र माती सांभाळत नाही, धाम नदीही नाही.

घरी जपायचे कसे?

१. लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि गोंद कागदात बसतात, परत निघत नाहीत. सेलोटेपचेही पिवळे डाग पडतात.

२. घडी हळूच उघडून पान सपाट ठेवा. कागद घडीवरच आधी तुटतो.

३. अॅसिड-फ्री कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे पाकीट नको.

४. फ्रेम उन्हापासून आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. कसर आणि वाळवीसाठी पेटी वर्षातून दोनदा उघडून बघा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कापडात बांधून, कागदाला लागू न देता.

५. दोन्ही बाजू स्कॅन करा, किमान ३०० डीपीआयवर. स्कॅनर नसेल तर सावलीच्या उजेडात मोबाईल सरळ वर धरून फोटो घ्या. फाईलला साल, गाव आणि आडनाव द्या.

६. मागे पेनाने काही लिहू नका. पान कुणाकडून मिळाले, कोण कुणाचे, हे वेगळ्या वहीत नोंदवा.

७. उर्दू वाचणाऱ्या दादी-नानांकडून पान मोठ्याने वाचून घ्या, आवाज रेकॉर्ड करा आणि खाली मराठीत उतरवा. हे काम सगळ्यांत आधी करा. कागद अजून दहा वर्षे थांबेल, वाचणारी माणसे थांबतीलच असे नाही.

मूळ पान घरातच राहू द्या. प्रत द्यायची असेल तर मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, उर्दू साहित्याचे डिजिटल जतन करणारे रेख्ता आहे. आधी विचारून मगच पाठवा. पानावर घरच्यांची नावे असतात, म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी त्या घरची परवानगी घ्या.

आणि ज्यांना जुने पान थंड करायचेच आहे, त्यांनी जरूर करावे. फक्त त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा, एवढीच विनंती.