डेम्लो संख्या
डेम्लो संख्या : अंकांच्या विशिष्ट मांडणीवरून ओळखला जाणारा पूर्णांक संख्यांचा एक प्रकार. अशा संख्येचे डावा, मध्य व उजवा असे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेत जो एकच अंक येतो, त्याच अंकाचा मध्य भाग बनलेला असतो. उदा., २५५५३ या संख्येत २ + ३ = ५ असून मध्य भाग ५५५ आहे.

या संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी केला. डहाणू येथे जन्मलेले कापरेकर देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शालेय शिक्षक होते. ही कल्पना त्यांना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली व त्या स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून त्यांनी संख्यांचे नामकरण केले. के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला या विषयावरील निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

केवळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्यांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१ अशी ही मालिका असून नऊ एककांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे. या सतरा अंकी संख्येतील १२३४५६७८ व ८७६५४३२१ या भागांची बेरीज ९९९९९९९९ येते आणि मध्य भाग ९ आहे. सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग, होते. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गाला एकूण ४५ विभाजक आहेत.

मालिकेतील संख्या प्राचीन भारतीय गणितातही आढळते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य (इ. स. सु. ८५०) यांनी गणितसारसंग्रह या ग्रंथात १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन, एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या, असे केले आहे. ती १११११११ नव्हे, तर १११११११ पेक्षा एक अंक कमी असलेल्या १११११ १ या सहा एककांच्या संख्येचा वर्ग होय.

अंकांच्या चढउताराचे कारण गुणाकाराच्या मांडणीत आहे. एककांच्या ओळी एकेक स्थान सरकवून मांडल्या असता स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढत जाऊन पुन्हा उतरतात. दहा एकक घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळून क्रम मोडतो. द्वादशमान पद्धतीत हाच क्रम अकरा एककांपर्यंत टिकतो. म्हणजे विभाजकांची संख्या हा संख्येचा स्वतःचा गुणधर्म आहे, तर अंकांचा क्रम हा लेखनपद्धतीचा. याच कारणास्तव अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कार्याला केवळ मनोरंजन मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील सदरात त्याची दखल घेतल्यावर ते जगभर परिचित झाले. हातच्याने क्रम कोठे व का मोडतो, हे दाखविणाऱ्या या संख्या स्थानमूल्याचे तत्त्व विद्यार्थ्याला प्रत्यक्ष गणनेतून उलगडून देतात.