पुणे छावणी ते स्लायगो : फ्लॉरेन्स केटलबँड-मिलिगन यांची वंशावळ

विशेष प्रतिनिधी

पुणे : ब्रिटिश विनोदी साहित्य आणि नभोवाणी यांच्या इतिहासात स्पाइक मिलिगन हे नाव अग्रभागी आहे. बीबीसीवरील 'द गून शो' (१९५१-१९६०) या गाजलेल्या कार्यक्रमाचे ते प्रमुख लेखक होते. त्यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला आणि बालपणाचा मोठा काळ पुण्यात गेला, हे अनेक पुणेकरांना ठाऊक असते. मात्र त्यांची आई फ्लॉरेन्स यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. पुण्याच्या लष्करी वसाहतीत वाढलेली ही इंग्लिश तरुणी एका आयरिश कुटुंबाची सून झाली. तिच्या वंशावळीचा माग घेताना पुणे, स्लायगो, रंगून, लंडन आणि ऑस्ट्रेलिया अशा पाच ठिकाणांचे धागे हाती येतात.

माहेर आणि सासर

फ्लॉरेन्स मेरी विनिफ्रेड केटलबँड यांचा जन्म १८९३ चा. वडील आल्फ्रेड केटलबँड हे ब्रिटिश तोफखान्यातील ट्रम्पेटवादक होते. खडकी हे तोफखान्याचे मोठे ठाणे असल्याने अशी अनेक कुटुंबे पुणे-खडकी परिसरात स्थिरावली होती.

लिओ आल्फोन्सो मिलिगन यांचा जन्म १८९० मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्लायगो या गावी झाला. तेही तोफखान्यातच होते व पुढे कॅप्टन झाले. ब्रिटिश सैन्यात त्या काळी आयरिश जवानांचा भरणा मोठा होता. पुण्याच्या छावणीत त्यांची खूण आजही उभी आहे. आयर्लंडच्या संरक्षक संताचे नाव धारण करणारे सेंट पॅट्रिक्स चर्च १८५० मध्ये येथे उभे राहिले. लिओ आणि फ्लॉरेन्स या दोघांनाही गाण्याची व रंगमंचाची हौस होती आणि छावण्यांतील करमणुकीच्या कार्यक्रमांत ती भागविली जाई.

या दांपत्याचे थोरले अपत्य टेरेन्स अ‍ॅलन, म्हणजेच स्पाइक. पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी शाळेत त्यांनी धुळाक्षरे गिरविली. पुढे लिओ यांची बदली ब्रह्मदेशात झाली. धाकटा मुलगा डेस्मंड रंगूनमध्ये जन्मला. १९३० च्या दशकाच्या आरंभी कुटुंब लंडनला गेले. उतारवयात लिओ व फ्लॉरेन्स ऑस्ट्रेलियातील वॉय वॉय या गावी स्थायिक झाले. लिओ १९६९ मध्ये निवर्तले. फ्लॉरेन्स १९९० पर्यंत हयात होत्या.

आईचे रक्त, बापाचे नागरिकत्व

वंशावळ ही केवळ हौसेची बाब नाही, हे या कुटुंबाने अनुभवले. स्पाइक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यातून लढले होते. तरीही १९६० मध्ये त्यांनी ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला तेव्हा तो नाकारण्यात आला. राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी दिलेला नकार हे त्याचे एक कारण होते. परंतु मुळात शपथेचा प्रश्न उद्भवला तो वंशावळीमुळे. जन्म हिंदुस्थानातला, वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि दरम्यानच्या काळात हे दोन्ही देश ब्रिटनपासून वेगळे झालेले. आई इंग्लिश होती, पण त्याचा उपयोग नव्हता. ब्रिटिश कायद्यानुसार नागरिकत्वाचा वारसा केवळ वडिलांकडून मिळे. मातेला हा हक्क मिळाला तो १ जानेवारी १९८३ पासून.

अखेर ज्या पितृवंशामुळे अडचण निर्माण झाली, तोच उपयोगी पडला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या पित्याचा पुत्र म्हणून स्पाइक १९६२ मध्ये आयरिश नागरिक झाले. त्यामुळेच २००१ मध्ये ब्रिटनने त्यांना दिलेला 'सर' दर्जाचा किताब मानद स्वरूपाचा होता. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. 'मी आजारी आहे, असे तुम्हाला सांगितले होते,' अशा आशयाचा त्यांचा समाधिलेख आयरिश भाषेत कोरलेला आहे.

स्त्रियांचा माग कसा काढतात?

आपल्याकडील कुलवृत्तान्तांत सुनेच्या माहेरचे नाव शोधावे लागते, तसेच येथेही आहे. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये होणारे बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत पित्याचे नाव, हुद्दा व वास्तव्य असते. आईचे मात्र बहुधा केवळ पहिले नाव. दफनाच्या नोंदीत विवाहित स्त्री 'अमक्याची पत्नी' एवढ्यावरच उरते. म्हणून विवाहाची नोंद ही खरी किल्ली ठरते. तीत वधूचे मूळ आडनाव, वय, पित्याचे नाव व साक्षीदार सापडतात. केटलबँडसारखे दुर्मिळ आडनाव असले तर शोध सोपा होतो. स्मिथ किंवा मर्फी असले तर अभ्यासकाची कसोटी लागते.

आयरिश बाजूचा शोध अधिक बिकट आहे. १८२१ ते १८५१ दरम्यानच्या जनगणनांची बहुतांश पाने १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत नष्ट झाली. मात्र १८६४ पासून तेथे सर्व जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद होऊ लागली. लिओ यांच्यासारख्या १८९० मध्ये जन्मलेल्यांचा माग त्यामुळे लागू शकतो. शंभर वर्षांहून जुन्या जन्मनोंदी आयर्लंड सरकारने संकेतस्थळावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. हिंदुस्थानातील ब्रिटिश कुटुंबांसाठी १९९८ मध्ये स्थापन झालेली 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' ही संस्थाही अभ्यासकांना साहाय्य करते.

वंशावळ एका दृष्टिक्षेपात

पहिली पिढी : आल्फ्रेड केटलबँड, ब्रिटिश तोफखाना.

दुसरी पिढी : फ्लॉरेन्स (१८९३-१९९०), पती लिओ मिलिगन (१८९०-१९६९), जन्म स्लायगो.

तिसरी पिढी : टेरेन्स अ‍ॅलन ऊर्फ स्पाइक (१९१८-२००२), जन्म अहमदनगर, डेस्मंड, जन्म रंगून.