कायद्यातला एक शब्द

फेफरे, मिरगी, आकडी, फीट. नावे अनेक, आजार एकच. चरकसंहितेत 'अपस्मार' या नावाने त्याचे निदान आणि चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत दिली आहे. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनीही इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास लिहून ठेवले की, हा देवाचा कोप नव्हे, हा मेंदूचा आजार आहे. पुढे १९१२ साली फेनोबार्बिटोन आणि १९३८ साली फेनिटॉइन ही औषधे उपयोगात आली.

आता गंमत पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेखच नव्हता. तो आला १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे औषधे हाती येऊन कित्येक दशके लोटल्यावर! विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांशेजारी अपस्मारही जाऊन बसला. अशा व्यक्तीचा विवाह न्यायालयात जाऊन रद्द करून घेता येऊ लागला. विशेष विवाह कायद्यातही तेच झाले.

कायदा स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच होता, पण आपल्या समाजात झळ अधिक बसली ती मुलींना. सांगितले तर लग्न जमत नाही, लपवले तर मोडण्याची टांगती तलवार. मग सासरी गोळ्या लपवायच्या, कधी चुकवायच्या. आणि गोळी चुकली की फीट येण्याची भीती वाढते. म्हणजे ज्या औषधाने संसार सुखाचा व्हायचा, तेच घेण्याची चोरी!

इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी याविरुद्ध चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये दोन्ही कायद्यांतून तो शब्द वगळला गेला. एक शब्द खोडायला तेवीस वर्षे लागली.

कायद्यातून शब्द गेला, मनातून गेला का? आजही कोणाला फीट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला माणसे धावतात. त्याची काहीही गरज नसते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काही घालू नये, घट्ट धरून ठेवू नये. फीट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर रुग्णालय गाठावे. आणि शुद्धीवर आल्यावर भोवती गर्दी करून बघत राहू नये. 'काळजी करू नकोस, मी आहे' एवढे म्हणणारे एक माणूस जवळ असले की पुरते.